मोठा खेळाडू मोठा कोच होतोच का? बरासीकडे बघून सांगतो

प्रश्न असा आलाय: मेलबर्नला येऊन तीन वर्षं झाली. मुलगा अकरा वर्षांचा, त्याला फूटीचं, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचं, वेड लागलंय. आताचा कोच शाळेत गणित शिकवतो, मोठ्या लीगमध्ये कधी खेळलेला नाही. शेजारच्या क्लबात पुढच्या मोसमाला लीगमध्ये शंभरावर सामने खेळलेला माणूस ज्युनियर कोच म्हणून येतोय. मुलाला तिकडे न्यावं का? मोठा खेळाडू म्हणजे मोठा कोच, असं धरून चालावं का? आणि इथे जो तो ज्याचं नाव घेतो तो बरासी कोण?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोघांचं उत्तर त्यातूनच निघतं. जरा लांबेल.

माझी ओळख एवढीच की मी मिरजेकडचा. कॉलेजात कबड्डी खेळलो, जिल्ह्यापर्यंत पोचलो, तिथेच थांबलो. इथे आल्यावर मुलाला ऑसकिकला, म्हणजे लहान पोरांच्या फूटीच्या वर्गाला, सोडायला गेलो, त्या दिवशी एक कोच कमी होता, कुणीतरी माझ्या हातात बॉल दिला. त्याला आता चौदा वर्षं झाली. पश्चिमेकडच्या उपनगरांत बारा वर्षांखालच्या आणि चौदा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो.

महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांसाठी खेळ दोन ओळींत. अंडाकृती मैदान, दोन्हीकडे अठरा-अठरा जण, ऑफसाइड नावाची भानगड नाही. प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने बॉल गेला की गोल, सहा गुण. शेजारच्या खांबांमधून गेला तर बिहाइंड, एक गुण. बॉल फेकायची परवानगी नाही. एक तर लाथ मारायची, नाहीतर हँडबॉल, म्हणजे एका तळव्यावर बॉल धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा देऊन तो साथीदाराकडे पोचवायचा. लाथेने आलेला बॉल वरच्या वर झेलला तर तो 'मार्क', मग थांबून सावकाश लाथ मारायला मिळते. स्पर्धा जिंकणं म्हणजे 'फ्लॅग'. बाकीचं मैदानावर जाऊन बघा, वाचून कळत नाही.

रॉन बरासीचा जन्म 1936 चा, व्हिक्टोरियातल्या कॅसलमेनचा. वडिलांचं नावही रॉन बरासीच. ते 1940 साली मेलबर्न क्लबच्या विजेत्या संघात होते आणि पुढच्याच वर्षी जुलैमध्ये, दुसऱ्या महायुद्धात, लिबियातल्या टोब्रुकला लढाईत मारले गेले. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. पुढे आई टास्मानियाला गेली तेव्हा या पोराला मेलबर्नमध्ये कुठे ठेवायचं हा प्रश्न आला आणि तो राहायला गेला नॉर्म स्मिथकडे. स्मिथ हा वडिलांचा 1940 च्या संघातला साथीदार, आणि आता मेलबर्न क्लबचा कोच.

आपल्याकडे गुरूच्या घरी राहून शिकणं म्हणतात ना, तेच हे झालं. मैदानावर जो माणूस तुम्हाला चारचौघांत झापतो, त्याच्याच घरी रात्रीचं जेवायचं. स्मिथ बरासीला बाकीच्यांपेक्षा जास्त धारेवर धरायचा, कारण घरच्या पोराला झुकतं माप दिल्याचा बोल त्याला नको होता. मला या माणसाच्या सगळ्या कारकिर्दीत हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोच घरी कसा वागतो, हरल्यावर कसा गप्प बसतो, कोणत्या खेळाडूबद्दल काय काळजी करतो, हे सतरा-अठरा वर्षांच्या वयात रोज बघायला मिळालेला खेळाडू लाखात एक.

त्याला मेलबर्नकडे ठेवण्यासाठी क्लबला लीगशी बराच झगडाही करावा लागला. तेव्हा खेळाडू ज्या भागात राहतो त्या भागाच्या क्लबकडे जायचा. मग बापाने ज्या क्लबकडून खेळायचं त्याच क्लबकडून मुलालाही खेळता यावं असा 'फादर-सन' नियम आला, तो आजही आहे. बरासी 1953 मध्ये वडिलांचाच 31 नंबर पाठीवर घेऊन उतरला.

आणि पहिल्यांदा तो कुठेच बसेना. बॉल मधोमध उडवला की उंच 'रकमन' उडी मारून तो खाली ढकलणार आणि बुटका, चपळ 'रोव्हर' तो उचलून पळणार, अशी तेव्हाची मांडणी. बरासी 179 सेंटिमीटर. रकमन व्हायला उंची कमी, रोव्हर व्हायला अंग दांडगं. एखाद्या कोचने त्याला बाकावर बसवून ठेवला असता आणि कुणी दोष दिला नसता. स्मिथने काय केलं, तर दुसऱ्या रकमनची जी जागा असायची ती या पोराला दिली आणि कामच बदललं. उड्या मारू नको, मैदानभर बॉलच्या मागे धाव, धडक दे, बॉल काढ. 'रक-रोव्हर' ही जागा या माणसामुळे खेळात रुजली. जागेला पोरगा न शोधता स्मिथने पोराला जागा शोधून दिली.

खेळाडू म्हणून पुढे काय झालं ते भराभर सांगतो, कारण ते कुठेही वाचायला मिळेल. 1955, 56, 57, 59, 60 आणि 64 असे सहा फ्लॅग. शेवटच्या दोन वेळी कॅप्टन. मेलबर्नकडून 204 सामने. क्लबचा सर्वोत्तम खेळाडू दोनदा. लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मिळणारं ब्राउनलो पदक मात्र एकदाही नाही. हे लक्षात ठेवा. हात-पाय आपोआप बरोबर जागी पडणारे देखणे खेळाडू त्या काळात इतर होते. बरासीचं सगळं ओढून आणलेलं, धडका मारून मिळवलेलं. ज्याला प्रत्येक गोष्ट कष्टाने शिकावी लागली त्याला ती पायरी-पायरीने आठवते. ज्याला आयती मिळाली त्याला विचारलं 'कसं केलंस?' तर तो म्हणतो, 'केलं.'

1964 चा फ्लॅग जिंकल्यावर बरासीने मेलबर्न सोडलं आणि तो कार्लटनचा कॅप्टन-कोच झाला.

याने काय खळबळ माजली असेल याचा अंदाज यायला हे समजून घ्या की तेव्हा क्लब बदलणं ही सरळ बेइमानी समजली जायची. लोक क्लबात जन्मायचे आणि क्लबात मरायचे. मोठ्या क्लबचा कॅप्टन, शहीद बापाचा मुलगा, कोचच्या घरात वाढलेला, तो पैसे घेऊन दुसरीकडे जातो म्हणजे काय! रक्कमही त्या काळात डोळे विस्फारतील अशी होती. पुढच्या वर्षी मेलबर्नने खुद्द नॉर्म स्मिथलाच मोसमाच्या मध्यात काढलं आणि काही दिवसांतच परत घेतलं. त्यानंतर त्या क्लबला पुढचा फ्लॅग मिळायला 2021 साल उजाडावं लागलं. सत्तावन्न वर्षं. इथले जुने लोक याला स्मिथचा शाप म्हणतात. बरासीने तो 2021 चा फ्लॅग पाहिला, वयाच्या 85 व्या वर्षी.

माझं मत विचाराल तर तो गेला म्हणूनच कोच झाला. मेलबर्नमध्ये तो आणखी दहा वर्षं स्मिथचा पोरगाच राहिला असता. ज्या खोलीत तुम्हाला सगळे लहानपणापासून ओळखतात तिथे नव्या सुरात बोलता येत नाही. कबड्डीत मी हे पाहिलंय. स्वतःच्या तालमीत कोच झालेल्या माणसाला जुने साथीदार 'ए बाळ्या' म्हणूनच हाक मारतात, आणि मग सरावाला उशिरा येणाऱ्याला बाळ्या काय बोलणार?

कार्लटनने 1947 नंतर काही जिंकलेलं नव्हतं. बरासीने 1968 मध्ये फ्लॅग आणला, एसेंडनला तीन गुणांनी हरवून. त्याचे आकडे मजेशीर आहेत: कार्लटन 7 गोल 14 बिहाइंड म्हणजे 56, एसेंडन 8 गोल 5 बिहाइंड म्हणजे 53. गोल कमी करून अंतिम सामना जिंकायची ही पहिलीच वेळ. कार्लटनकडून स्वतः तो एकूण 50 सामने खेळला आणि 1969 मध्ये खेळणं थांबवलं. कॅप्टन-कोच हा प्रकार आता मोठ्या लीगमध्ये उरलेला नाही, आणि बरंच झालं. धापा टाकणाऱ्या माणसाला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते दिसत नाही. बरासीचा सगळ्यात गाजलेला दिवस आला तो कपडे बदलून रेषेबाहेर बसल्यावर.

26 सप्टेंबर 1970. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, आपल्या लोकांना बॉक्सिंग डे टेस्टमुळे माहीत असलेलं तेच. 121,696 प्रेक्षक, हा आकडा आजही मोडलेला नाही. कार्लटनसमोर कॉलिंगवूड. मध्यंतराला गुणफलक: कॉलिंगवूड 73, कार्लटन 29. चव्वेचाळीस गुण मागे. त्या पहिल्या अर्ध्यातच कार्लटनच्या अ‍ॅलेक्स जेसॉलेंकोने प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर चढून तो जगप्रसिद्ध मार्क घेतला, ज्याचा फोटो इथल्या अर्ध्या पबांत लावलेला असतो. फोटो बघून कुणाला वाटणारही नाही की त्या क्षणी कार्लटनचा पार चोळामोळा झालेला होता.

मध्यंतराला ड्रेसिंग रूममध्ये बरासीने दोन गोष्टी केल्या. पहिली, बाकावरचा टेड हॉपकिन्स आत घेतला. तेव्हा आजच्यासारखी हवी तेवढी अदलाबदल नव्हती. दोनच राखीव असायचे, आणि एकदा बाहेर काढलेला खेळाडू परत आत येत नसे. म्हणजे तो निर्णय मागे घेण्यासारखा नव्हता. दुसरी गोष्ट, त्याने सांगितलं की हँडबॉल करा. बॉल हातात आला की थांबायचं नाही, मागे बघायचं नाही, जवळच्या धावत्या माणसाकडे ठोसा मारून द्यायचा आणि स्वतः पुढे पळायचं. स्वतःच्या गोलसमोर असलात तरीही.

हे किती उफराटं होतं ते कळायला तो काळ डोळ्यांपुढे आणा. तेव्हाचा शहाणपणा असा की अडचणीत आलास तर लांब लाथ मार आणि मोकळा हो. हँडबॉल म्हणजे अगदीच काही सुचेना तर करायची गोष्ट. बरासीने तो शोधून काढलेला नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण इथे बरेच जण तसं ठोकून देतात. जीलाँगचा पॉली फार्मर आधीच्या दशकात हँडबॉलने सामने फिरवत होता. नॉर्म स्मिथचा भाऊ लेन स्मिथ, तोही कोच, न थांबता खेळत राहण्याचा पुरस्कार बरासीच्या आधीपासून करत होता. मग त्या दिवशी बरासीचं काय? त्याचं श्रेय परवानगीचं आहे. चव्वेचाळीस गुणांनी मागे असलेल्या पोरांना सगळ्यात धोक्याची गोष्ट करायला सांगितली, म्हणजे चुकण्याचा हिशोब त्याने स्वतःच्या नावावर घेतला. चुकलात तर मूर्ख मी ठरेन, तुम्ही नाही.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये कार्लटनने आठ गोल केले आणि एकही बिहाइंड नाही. हॉपकिन्सने चार गोल मारले. शेवटी कार्लटन 111, कॉलिंगवूड 101.

इथे जरा माझी फजिती सांगतो. कोच म्हणून पहिल्याच वर्षी मी या सामन्याची चित्रफीत पाहून भारावलो आणि बारा वर्षांखालच्या पोरांना म्हटलं, आजपासून हँडबॉल. शनिवारी पोरांनी इमानेइतबारे हँडबॉल केले. एकाने आपल्याच गोलसमोर चुकीच्या माणसाकडे दिला आणि समोरच्यांनी गोल मारला. आणि मी, सांगलीच्या मैदानावर ओरडतात तसा, रेषेवरून ओरडलो, "अरे बघून दे की!" पोरगा माझ्याकडे बघत राहिला. त्यानंतर उरलेल्या सामन्यात त्याच्याकडे बॉल आला की तो डोळे मिटून लांब लाथ मारायचा. त्या मोसमात त्याने पुन्हा आपण होऊन हँडबॉल केला नाही. मी सूचना बरासीची घेतली आणि परवानगी घरी ठेवली. घरी येताना गाडीत मुलगा मला म्हणाला, "बाबा, तूच सांगितलं होतंस ना?" यावर काय बोलणार.

कुणी म्हणेल, बरासी स्वतः किती ओरडायचा ते माहीत नाही का? माहीत आहे. क्वार्टरच्या सुट्टीत लाल तोंडाने, गळ्याच्या शिरा ताणून बोलणारा बरासी जुन्या फितींमध्ये दिसतो. पण ब्रेंट क्रॉसवेलचं उदाहरण घ्या. टास्मानियाचा हुशार, लहरी, कोचच्या तोंडावर उलट बोलणारा खेळाडू. बरासीचे आणि त्याचे खटके प्रसिद्ध. तो कार्लटनमध्ये बरासीबरोबर दोन फ्लॅग जिंकला, मग बरासीमागोमाग नॉर्थ मेलबर्नला जाऊन आणखी दोन जिंकला, आणि शेवटी मेलबर्नमध्ये पुन्हा बरासीच्याच हाताखाली खेळला. शिव्या खाणारा माणूस तीन-तीन क्लबांत त्याच शिव्या का खात राहील? कारण ओरडणं आळसासाठी होतं, धाडसासाठी नव्हतं. निदान मला तरी या गोष्टीचा उलगडा असाच होतो.

नॉर्थ मेलबर्न म्हणजे 1925 पासून लीगमध्ये असून एकही फ्लॅग नसलेला क्लब. 1972 च्या मोसमात त्यांनी एकच सामना जिंकला होता. 1973 ला बरासी आला. दहा वर्षं एका क्लबात काढलेल्या खेळाडूला मोकळेपणी जाऊ देणारा एक अल्पायुषी नियम तेव्हा नुकताच निघाला होता. त्याचा फायदा घेऊन क्लबने डग वेड, बॅरी डेव्हिस आणि जॉन रँटल हे मुरलेले गडी आणले. 1974 मध्ये अंतिम सामना हरले, 1975 मध्ये हॉथॉर्नला 55 गुणांनी हरवून पहिला फ्लॅग. इथे श्रेय एकट्या बरासीला देणं बरोबर नाही, पैसा आणि माणसं जमवणारे पडद्यामागे होते.

1977 चा अंतिम सामना मात्र त्याचाच. तीन क्वार्टर झाले तेव्हा नॉर्थ 27 गुणांनी मागे, आणि मधल्या दोन्ही क्वार्टरमध्ये त्यांचा एकही गोल नाही, नुसते बिहाइंड. बरासीने आपला कॅप्टन डेव्हिड डेंच, जो गोल राखणारा फुलबॅक, त्याला थेट दुसऱ्या टोकाला, गोल मारणाऱ्या फुल-फॉरवर्डच्या जागी नेऊन उभा केला. दारातला राखणदार उचलून चुलीपुढे बसवावा तसं. सामना 76-76 असा बरोबरीत सुटला आणि आठवड्याने पुन्हा खेळवला. तो नॉर्थने जिंकला, तोही 27 गुणांनीच.

आता आकड्यांनी न सुटणारा भाग. 1981 मध्ये बरासी परत मेलबर्नला आला. गाव सोडून गेलेला मुलगा नाव कमावून परत आला, असा सोहळा झाला. पहिल्या मोसमात संघ एकच सामना जिंकून तळाला. पाच वर्षं तो राहिला, आणि पाचही वर्षांत बाद फेरी गाठली नाही. चार फ्लॅग जिंकलेला कोच, स्वतःचा क्लब, सगळ्यांचं प्रेम, आणि हातात काही नाही.

बहुतेक लोक त्याची गोष्ट सांगताना ही वर्षं गाळतात. मला तीच जास्त शिकवतात. त्या काळात मेलबर्नने आयर्लंडमध्ये शोध सुरू केला. तिथल्या गेलिक फुटबॉलमध्ये बॉल गोल, खेळ वेगळा, पण हात आणि पाय दोन्ही वापरणारा. उंच, पळणारी पोरं आणून त्यांना हा लांबोडका बॉल शिकवायचा, असा बरासीचा खटाटोप. लोक हसले. 1984 च्या सुमारास डब्लिनचा अठरा वर्षांचा जिम स्टाइन्स आला. त्याला इथला बॉल नीट लाथाडताही येत नव्हता.

बरासी 1985 ला गेला. त्याच्यामागून आलेल्या जॉन नॉर्थीने 1987 मध्ये मेलबर्नला बाद फेरीत नेलं, 1964 नंतर पहिल्यांदा. अंतिम फेरीच्या दारात हॉथॉर्नशी गाठ. मेलबर्न चार गुणांनी पुढे, शेवटचे क्षण, आणि लाथ मारायला उभ्या असलेल्या खेळाडूच्या समोरून स्टाइन्स चुकून आडवा धावला. दंड म्हणून हॉथॉर्नच्या गॅरी बकनाराला पंधरा मीटर पुढून लाथ मिळाली. भोंगा वाजल्यावर त्याने गोल मारला. मेलबर्न दोन गुणांनी बाहेर. त्या पोराच्या जागी दुसरा कुणी असता तर पुढचं विमान पकडून घरी गेला असता. स्टाइन्सने 1991 मध्ये ब्राउनलो पदक जिंकलं, बरासीला स्वतःला कधीच न मिळालेलं. सलग 244 सामने खेळला, तो विक्रम 2025 पर्यंत त्याचाच होता. पुढे त्याच क्लबचा अध्यक्ष झाला आणि 2012 मध्ये कर्करोगाने गेला.

म्हणजे बरासीच्या अपयशी म्हटल्या जाणाऱ्या पाच वर्षांत लावलेलं झाड दुसऱ्या कोचच्या अंगणात फळलं. गुणतक्ता याचा हिशोब ठेवत नाही.

सिडनीचं थोडक्यात. ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर एक अदृश्य रेषा आहे: एका बाजूला फूटी, दुसऱ्या बाजूला रग्बी. 1978 मध्ये इयन टर्नर या इतिहासकाराने तिला 'बरासी लाइन' असं नाव दिलं, आणि दिलं ते 'रॉन बरासी स्मृती व्याख्याना'त. बरासी तेव्हा धडधाकट होता, नॉर्थला कोचिंग करत होता, हा त्यातला विनोद. तर 1993 च्या मोसमात मध्येच तो रेषा ओलांडून सिडनी स्वान्सला गेला. संघाचं ओळीने हरणं चालूच होतं, ते 26 सामन्यांवर जाऊन थांबलं. आधीच्या कोचला नुकतंच काढलं होतं, आणि तो कोच कोण, तर 1987 ला भोंग्यानंतर गोल मारणारा तोच गॅरी बकनारा. बरासी 1995 पर्यंत राहिला. जिंकलं फारसं काही नाही, पण बंद पडायला आलेल्या क्लबात लोक परत यायला लागले. पुढच्याच वर्षी नव्या कोचखाली सिडनी अंतिम सामन्यात होतं. चार क्लब मिळून कोच म्हणून 515 सामने. 16 सप्टेंबर 2023 ला वयाच्या 87 व्या वर्षी तो गेला.

आता तुमचा मधला प्रश्न. मोठा खेळाडू मोठा कोच होतो का? कधी होतो. ली मॅथ्यूज घ्या: हॉथॉर्नकडून 332 सामने, चार फ्लॅग, आणि कोच म्हणून कॉलिंगवूडला 1990 मध्ये 32 वर्षांनी फ्लॅग, मग ब्रिस्बेनला 2001 ते 2003 सलग तीन. पण त्याच ब्रिस्बेनच्या तिन्ही फ्लॅगांचा कॅप्टन मायकेल वॉस 2009 मध्ये तिथेच कोच झाला आणि 2013 मध्ये त्याला जावं लागलं. नेथन बकली, ब्राउनलो विजेता, कॉलिंगवूडचा जीव की प्राण, त्याच क्लबचा दहा वर्षं कोच. 2018 चा अंतिम सामना पाच गुणांनी गेला, फ्लॅग नाहीच. दुसरीकडे अ‍ॅलिस्टर क्लार्कसन खेळाडू म्हणून 134 सामन्यांचा, फारसा कुणाच्या लक्षात नसलेला, आणि हॉथॉर्नला चार फ्लॅग. ब्रिस्बेनला 2024 आणि 2025 असे लागोपाठ दोन फ्लॅग मिळवून देणारा क्रिस फेगन मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळलेला नाही. आपल्याला यात नवल वाटायला नको. रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते.

तेव्हा शंभर सामन्यांचा आकडा बाजूला ठेवा. तो माणूस वाईट कोच असेल असंही मी म्हणत नाही. कदाचित बरासीसारखा धडपडून वर आलेला असेल, तर सोनं आहे. ते कळायला एकच उपाय: दोन्ही क्लबांच्या सरावाला आणि एखाद्या सामन्याला स्वतः जाऊन उभे राहा. मुलाला सांगू नका कशासाठी चाललोय.

काय बघायचं? कोच किती ओरडतो ते नाही. एखादं पोर काहीतरी नवं करायला जाऊन चुकतं, डाव्या पायाने लाथ मारायला बघतं आणि बॉल भलतीकडे जातो, त्यानंतरच्या पाच मिनिटांत काय होतं ते बघा. पोर मान वळवून रेषेकडे बघतं का? बाहेर बोलावलं जातं का? की पुढच्या वेळी बॉल आला की पुन्हा डावा पाय वापरतं? सरावात हँडबॉल शिकवताना कोच मुलाच्या तळव्याखाली स्वतःचा हात धरून बॉल कुठे टेकवायचा ते दाखवतो, की स्वतःच दहा सुरेख हँडबॉल करून 'असं' म्हणतो? मोठे खेळाडू बरेचदा दुसरं करतात. पोरं टाळ्या वाजवतात आणि शिकत काही नाहीत. आणि तुमच्या मुलाची चण कशी आहे? तो कुठेच बसत नसेल, तर त्याला जागा करून देणारा कोण आहे, तेही पाहा.

तुमच्या गणिताच्या मास्तरांना आधी एक संधी द्या, असं माझं मन सांगतं, पण मी त्यांना पाहिलेलं नाही. शनिवारी सकाळी साडेआठच्या सुमारास जा, गार असतं, जाकीट घाला. पहिल्या क्वार्टरनंतर पोरं संत्र्याच्या फोडी खायला गोळा होतात तेव्हा पालकांच्या घोळक्यापासून जरा पुढे सरका आणि कोच पहिलं वाक्य कुणाशी बोलतो ते ऐका. ज्याने गोल मारला त्याच्याशी, की ज्याच्या हातून सुटला त्याच्याशी. मग मला कळवा, पुढचं बोलू.